चोरबीटीवर पीएचडी करायचीय, पण सही कोण देणार?

प्रश्न : ताई, मी अकोट तालुक्यातली. एमएससी बायोटेक झालंय, पीएचडी करायचीय पण लॅबमध्ये नाही. आमच्याकडे बरेच जण चोरबीटी लावतात, आमच्या घरीपण. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. हे बियाणं आल्यावर गावात काय बदललं त्यावर काम करायचंय. बायोटेकचे सर म्हणतात हे सायन्स नाही, समाजशास्त्राच्या मॅडम म्हणतात तुझा बेस नाही. 'जीवशास्त्राच्या सामाजिक व नैतिक बाजू' असा विषय दिला तर चालेल का?

उत्तर : अगं हे नाव म्हणजे पोतं झालं, काहीही कोंबा. गाईड पहिल्याच मीटिंगला विचारणार, म्हणजे नक्की काय? आणि उत्तर तर तुझ्या पत्रातच आहे.

बाकीच्यांसाठी सांगते, चोरबीटी म्हणजे तणनाशक मारलं तरी न जळणारं कापसाचं बियाणं, एचटीबीटी. बोंडअळीवाल्या बीटी कापसाला २००२ ला परवानगी मिळाली, याला मिळालेली नाही, मॉन्सॅन्टो या बियाणं कंपनीनं तर २०१६ ला अर्जच मागे घेतला, तरी पाकिटं गावात येतातच. २०१९ च्या जूनमध्ये तुमच्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं उघड उघड लावून दाखवलं.

आता निंदणाचं बघ. फवारा मारला की निंदण गेलं, आणि निंदणाला जातात कोण तर बाया. शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाहीत म्हणून हे बियाणं, बाई म्हणते कामच मिळत नाही, आणि दोघं एकाच गावात राहतात. दोघंही खरं बोलत असतील तर ते कसं काय, एवढं एक जरी नीट शोधलंस तरी पीएचडी आहे. नैतिक बाजू वेगळी शोधायला लागत नाही, ती त्यातच बसलेली असते.

आणि 'हे सायन्स नाही' म्हणणाऱ्या सरांना सांग की माणसाची सगळी जनुकं वाचायचा ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट १९९० ला सुरू झाला तेव्हाच त्यातले ३ टक्के, नंतर ५ टक्के पैसे नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक अभ्यासासाठी बाजूला काढले होते. आपल्याकडे बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यात नागपूरही होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये वांगं थांबवलं. त्या नागपूरच्या सुनावणीत निंदणाऱ्या किती बाया बोलल्या, हे शोधायला घे, सुरुवात तिथूनच होईल.

आता खरी अडचण. युनिव्हर्सिटीची एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती, म्हणणार, प्रत्येकाची लेखी संमती आणा, सहीसकट. आता ज्यानं बेकायदा बियाणं लावलंय त्यानं 'मी या अभ्यासात भाग घेत आहे' असं लिहून खाली सही केली तर तो कागद म्हणजे कबुलीजबाबच झाला ना. मी माझ्या वेळी चार पानी फॉर्म घेऊन फिरायचे, एका आजोबांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, पोरी, कर्ज काढून देतेस का? त्यानंतर मी फॉर्म पिशवीत ठेवून आधी नुसतं बोलायला शिकले. तू कमिटीकडं आधीच अर्ज कर की सहीनं माणसाला धोका आहे म्हणून तोंडी संमती घेऊ द्या, कारण नीट लिहिलंस तर मिळू शकते. नावं वहीत लिहूच नकोस. ऑडिओ फोनमध्ये ठेवू नकोस, फोन घरात सगळेच बघतात.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. थीसिस शोधगंगावर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर जाणार, कुणीही वाचणार. तू गावाचं नाव बदलशील, पण वर तुझं आडनाव असेल आणि प्रस्तावनेत 'माझ्या गावात' असं लिहिलंस की संपलं. म्हणून शेजारचे दोन-तीन तालुके घे, आणि बाबांची मुलाखत घेऊ नकोस, त्यांना नाही म्हणताच येणार नाही.

प्रवेशाचं म्हणशील तर टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आयआयटी मुंबईचा मानव्यविद्या विभाग, जेएनयूचं सायन्स पॉलिसीचं सेंटर, इथं अशी मिसळ चालते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानं कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, नसेल तर घरच्यांशी पैशाचं आधीच बोलून घे, नोकऱ्या कमी आहेत हे खोटं सांगणार नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी एक पीएचडीची मुलगी आईची मुलाखत घेऊन गेली, आजारपणाबद्दल. आता आईला वाटतंय उगाच बोललो. काढून घेता येतं का?

उत्तर : येतं, आणि कारण सांगायची गरज नाही. मुलाखतीच्या वेळी माहितीपत्रक दिलं असेल, त्यावर त्या मुलीचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असतो, त्यावर फोन करा. पत्रकच दिलं नसेल तर चूक तिची, आईची नाही, मग सरळ तिच्या विभागात पत्र टाका. लेख छापून झाला असेल तर तो मागे घेणं अवघड जाईल, तेव्हा या आठवड्यातच करा, आणि आईला सांगा, उशीर झाला म्हणून ओशाळू नका.