पोस्टर गिचमिड का दिसतं?

प्रश्न: ग्राफिक डिझाइन नुकतंच शिकायला घेतलंय, सॉफ्टवेअर बऱ्यापैकी जमतं पण माझं प्रत्येक पोस्टर गिचमिड दिसतं, काय चुकतंय?

उत्तर: सगळंच ओरडतंय हो त्यात! बघणाऱ्यानं पहिलं काय वाचायचं ते ठरवा, तेवढं एकच मोठं ठेवा, बाकीचं निम्म्यावर आणा आणि फाँट दोनच घ्या, एक शीर्षकाला नि एक मजकुराला. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात, माहितीय, पण राहू द्या ती. देवनागरीत ओळींमधलं अंतर जरा जास्तच सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. आणि छापायचं असेल तर फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत), ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) बनवा, कारण स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापताना शाईला जमतच नाही, मळकट येतो.