शिअर पिनच्या जागी बोल्ट नको

चि. यास अनेक आशीर्वाद.

सांबऱ्याच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेतून पास होऊन बाहेर पडलास आणि विमानाऐवजी त्याला वीज, ऑक्सिजन पुरवणाऱ्या ट्रॉल्या पदरात पडल्या म्हणून तू हिरमुसलास, असं तुझी आई खानापूरच्या बाजारात सांगत होती. अरे, इंजिन सुरू होईपर्यंत विमान तुझ्याच सामानावर जगतं. घरातली वीज ५० हर्ट्झची, विमानाला ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ लागते. ती देणारा जनरेटर रुसला की पायलट नुसता बसून.

उभं यंत्र चालत्यापेक्षा लवकर सडतं. पावसाळाभर गोठ्यात ठेवलेला आपला ट्रॅक्टर आठव. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतो, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं. तेव्हा चाललेल्या तासांबरोबर तारखाही बघत जा. चार जनरेटर असले की पोरं रोज दाराजवळचाच ओढून नेतात, पाळी लाव. आणि सगळ्यांची सर्व्हिसिंग एकाच आठवड्यात येऊ देऊ नकोस, फ्लाइट लाइनवर विमानं उड्डाणाला तयार करणारे तुझ्या नावानं बोटं मोडतील.

ऑक्सिजनच्या ट्रॉलीला ग्रीसचा हात लावायचा नाही. हे तुला शिकवलंच असणार.

आता टो-बार, म्हणजे विमान ट्रॅक्टरला जोडून ओढायचा दांडा. त्यातली शिअर पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. ट्रॅक्टरनं वेडंवाकडं ओढलं तर आधी ती तुटावी, विमानाचं पुढचं चाक वाचावं. गावाकडं रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुटला की आपण हाताला येईल तो बोल्ट घालून शेत उरकतो. तीच खोड घेऊन मी नोकरीत गेलो. एकदा स्टोअरमध्ये पिन नव्हती, दिवस मावळत आलेला, मी त्याच मापाचा बोल्ट ठोकला. सार्जंटसाहेबांनी टो-बार वाकून बघितला. शिव्या देतील वाटलं, पण बोल्ट हातोडीनं बाहेर काढून माझ्या खिशात टाकला आणि विमान रात्रभर होतं तिथंच ठेवलं. वहीत मलाच लिहायला लावलं, 'पिन नाही, विमान हलवलं नाही.'

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत पिना हजर! तोवर सगळे माझ्यासारखेच निभावून नेत होते. वहीत कुणी लिहीतच नव्हतं, तर स्टोअरला कळणार कसं?

तुमच्या टो-बारला जादाच्या दोन पिना बांधलेल्या आहेत का, बघून रविवारी फोनवर सांग.

तुझा,
काका