खोली जॉबभर बदलत असेल तर $१०२ ला हात लावू नका

तुम्ही लिहिलंय की ३०१८ या छोट्या सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवरून चालणारं कोरीवकामाचं मशीन) सागवानाची नेमप्लेट करताना पहिली दोन अक्षरं बरोबर दीड मिलिमीटर खोल येतात आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तीच खोली तीनच्या जवळ जाते, आणि आता तुम्ही कंट्रोलरमधली $१०२ ही सेटिंग बदलून बघणार आहात. कृपया आत्ता ते करू नका. $१०२ म्हणजे झेडला (बिट, म्हणजे कापणारं टोक, वर-खाली नेणारा अक्ष) एक मिलिमीटर हलवायला मोटरच्या किती स्टेप लागतात तो आकडा, तो चुकलेला असता तर पहिलं अक्षरच चुकलं असतं. हिशोब अगदी साधा आहे, मोटर २०० स्टेपची, मोटर चालवणारा ड्रायव्हर एका स्टेपचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप) करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३२००, आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकत असेल तर ८००, ८ मिमी सरकत असेल तर ४००. हा आकडा चुकतो तेव्हा शक्यतो सरळ दुप्पट किंवा निम्मा चुकतो आणि पहिल्या कटपासून चुकतो. तो उगाच हलवला की मशीनमध्ये एकाऐवजी दोन बिघाड होतात आणि मग शोधणं फार अवघड जातं.

माझं म्हणणं असं की खोलीचा कुठलाही प्रॉब्लेम आला की पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच बघायचं, खोली जागेप्रमाणे बदलते, वेळेप्रमाणे बदलते, की सगळीकडे सारखीच चुकीची आहे. हे कळलं की अर्धं काम झालं. तुमचं जागेप्रमाणे की वेळेप्रमाणे हे नक्की करायला तीच फाइल रद्दी एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) १८० अंशात फिरवून चालवा, म्हणजे शेवटचं अक्षर बेडच्या दुसऱ्या टोकाला येईल. तरीही शेवटचंच अक्षर खोल आलं तर वेळेप्रमाणे. दीड मिलिमीटरचा फरक आहे म्हणून मला तेच वाटतंय, बेडच्या उतारामुळे एवढा फरक सहसा पडत नाही.

आता वेळेप्रमाणे खोल जाण्याची कारणं. बारीक टोकाच्या मार्करने बिटाच्या दांड्यावर आणि कोलेटच्या (बिट धरणारा चिमटा) नटावर मिळून एक रेघ मारा, बिट नटातून जिथे बाहेर येतं तिथे एक गोल खूणही करा, आणि झेडच्या कपलरवर (मोटर आणि स्क्रू जोडणारी नळी) वर मोटरच्या शाफ्टला आणि खाली स्क्रूला अशाच रेघा मारा. जॉब संपला की मशीन बंद न करता एक्स शून्य वाय शून्यवर जा, झेड ५ मिमीवर आणा, मग हळूहळू शून्यावर उतरवून बिटाखाली कागद सरकतोय का बघा. साधा ए४ कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेवढी अचूकता इथे पुरे.

बिटाची खूण नटापासून खाली आलेली दिसली तर बिट कोलेटमधून निसटतंय. वर भुसा फेकणारं स्पायरल बिट असेल तर ते कापताना स्वतःला खाली ओढतं, त्यामुळे पकड ढिली असली की खोली वाढतच जाते. ईआर११ प्रकारचं कोलेट आधी नटात तिरकं धरून टक्‌ असा आवाज येईपर्यंत बसवायचं आणि मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणारी मोटर) चढवायचा, बरेच जण कोलेट नुसतं स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवतात आणि ते नीट आवळलंच जात नाही. ३ मिमीचं बिट ३.१७५ च्या कोलेटमध्ये घालू नका. आतला भुसा ब्रशने आणि थिनरने साफ करा.

कपलरची रेघ सरकली असेल तर ग्रब स्क्रू (कपलर शाफ्टवर आवळणारा बारीक स्क्रू) ढिला आहे. शाफ्टला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू त्या सपाटीवरच यायला हवा.

दोन्ही रेघा जागच्या जागी आणि तरी झेड खाली गेलाय, तर मोटर स्टेप सोडतेय, आणि तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय इथेच आहे. बिट वर उचलताना मोटरला अख्ख्या स्पिंडलचं वजन पूर्ण वेगाने उचलावं लागतं, तिथे दोन-चार स्टेप सुटल्या की कंट्रोलरला वाटतं आपण ठरलेल्या उंचीवर आलो पण खरं बिट थोडं खालीच असतं, आणि पुढचा कट तेवढाच खोल. देवनागरीत हे जास्त होतं कारण वेलांटी, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला बिट उठतं आणि परत उतरतं, म्हणजे लांब नावात चूक साचत जाते. $११२ (झेडचा कमाल वेग) आणि $१२२ (झेड किती पटकन वेग पकडतो) आत्ता आहेत त्याच्या निम्मे करून बघा. वीज बंद करून झेडचा नॉब बोटांनी फिरवा, सगळीकडे सारखा हलका फिरला पाहिजे, मध्येच जड लागला तर स्क्रूवर ग्रीस आणि भुशाचा लगदा झालेला असतो तो पुसा आणि मशीन ऑइलचे दोनच थेंब द्या. एवढं करूनही सुटत असेल तरच ड्रायव्हरचा करंट बघायचा. जॉब मध्ये थांबवून बिट बदलत असाल तर $१ ला २५५ ठेवा म्हणजे मोटर पकड सोडणार नाही आणि स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली सरकणार नाही.

फिरवलेल्या फाइलमध्ये उलटं दिसलं, म्हणजे बेडचं तेच टोक खोल आलं, तर बेड किंवा लाकूड. व्ही बिट (निमुळत्या टोकाचं) असेल तर हे शिरोरेखेत लगेच दिसतं, रेघ एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड. ९० अंशाच्या बिटाला खोलीत ०.२ मिमीचा फरक म्हणजे रुंदीत ०.४, ६० अंशाला साधारण ०.२३. बेडवर एमडीएफ स्क्रूने बसवून तो त्याच मशीनने वरून ०.२-०.३ मिमी फेस करून, म्हणजे सपाट तासून घ्या. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसात हे परत करावं लागतं. आणि पातळ फळीचे चारच कोपरे दाबले की मधला भाग वर उचलला जातो, तिथे खालून डबल टेप लावा.

सगळीकडे सारखंच चुकत असेल तर झेडचं शून्य फळीच्या वर धरलंय की तळाला ते कॅममध्ये (फाइल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बघा, आणि प्रोबच्या (झेडचं शून्य घ्यायचं साधन) प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजून टाका.

तुमची ती सागवानाची प्लेट बेडवरून अजून काढली नसेल तर ती वाचू शकते. एक्स वायचं शून्य अजिबात हलवू नका, वरून ०.३ मिमीचे हलके पास देत दोन मिलिमीटर फेस करा, मग झेडचं शून्य नव्याने घेऊन अख्खी फाइल परत चालवा. फक्त फळीत तेवढी जाडी आहे ना ते आधी मोजा, आणि वरचा दोष सापडल्याशिवाय हे करू नका.