मैदानावरचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. तो सांगतो, जपानची लीग 1993 ची, आणि 1998 पासून तो देश एकाही विश्वचषकाला चुकलेला नाही. त्यांनी असं काय केलं?
– एक पालक, तासगाव

उत्तर : मिरजेत पोरांना फुटबॉल शिकवताना मी याच देशाचं उदाहरण देतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

जपानची राष्ट्रीय लीग खरं तर 1965 ची. पण संघ सगळे कंपन्यांचे : मित्सुबिशी, फुरुकावा, हिताची, यानमार. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकही आलं, पुढे मात्र मैदानं ओस पडली. कंपनीचा संघ जिंकला काय, हरला काय, गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. फुरुकावाकडून खेळलेले साबुरो कावाबुची 1993 मध्ये सुरू झालेल्या नव्या, व्यावसायिक जे-लीगचे पहिले अध्यक्ष झाले. क्लब गावाच्या नावानं ओळखला जाईल, कंपनीच्या नाही, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला. सुमितोमो मेटल्सचा संघ काशिमाचा झाला. काशिमा म्हणजे पोलाद कारखान्याचं छोटंसं गाव! तिथं पंधरा हजार प्रेक्षकांचं, छप्पर असलेलं स्टेडियम उभं राहिलं आणि ब्राझीलचा झिको खेळला.

सुरुवातीला क्लब दहाच, आणि कुणी खाली घसरत नव्हतं. 1999 मध्ये दुसरी श्रेणी आली, 2014 मध्ये तिसरी. 2024 पासून तिन्हींत वीस-वीस क्लब आहेत. पहिल्या श्रेणीतले तळाचे तीन खाली जातात, दुसरीतले तीन वर येतात. तिसरीच्या खाली जेएफएल म्हणजे जपान फुटबॉल लीग, त्याखाली नऊ विभागीय लीग, त्याखाली प्रांतांच्या लीग. नुसतं जिंकून मात्र भागत नाही. स्टेडियम, चोख हिशेब, लहान वयोगटांचे संघ, हे सगळं तपासूनच परवाना मिळतो. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण तुमच्या मुलाच्या वयाच्या खेळाडूला तिच्यामुळेच क्लबमध्ये जागा मिळते.

आता आपल्या शेजारी बघा. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे तालमींचे संघ. पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. जपानला जे मुद्दाम घडवावं लागलं, ते इथं आपोआप आहे. नाही ती वर जाणारी वाट. 2014 मध्ये सुरू झालेल्या आयएसएल या देशातल्या वरच्या लीगमध्ये, तिच्या खालची आय-लीग जिंकून वर आलेला पहिला क्लब पंजाब एफसी, तोही 2023 मध्ये. पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग आला. माझं स्पष्ट मत आहे : जिल्हा लीग, राज्य लीग, राष्ट्रीय लीग ही साखळी मैदानावरच्या निकालानं जोडली पाहिजे. तासगावचा संघ उद्या वर जाईल की नाही माहीत नाही, पण जाण्याचा हक्क त्याला हवा.

प्रश्न : मालकानं क्लबच बंद केला, तर समर्थकांच्या हातात काय उरतं?
– एक वाचक, विटा

उत्तर : जपानच्या योकोहामा फ्ल्यूगेल्स या क्लबचं असंच झालं. पैशाअभावी 1998 मध्ये त्याचं त्याच शहरातल्या मॅरिनोस क्लबमध्ये विलीनीकरण ठरलं. 1 जानेवारी 1999 ला फ्ल्यूगेल्सचा संघ सम्राट चषक ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकला, तोच त्याचा शेवटचा सामना. समर्थकांनी विलीनीकरण मानलं नाही. वर्गणी काढून त्यांनी योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला. तो जेएफएल दोनदा जिंकला, 2001 मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला आणि 2007 मध्ये पहिल्या श्रेणीत, मॅरिनोसच्या बरोबरीनं खेळला.