जुन्या गाडीच्या इंजिनातून टक-टक आवाज येतो, व्हॉल्व्ह लिफ्टर बदलावेच लागतील का?

लगेच इंजिन उघडू नका. व्हॉल्व्ह लिफ्टर म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा छोटा भाग; हायड्रॉलिक लिफ्टर आतल्या ऑइलच्या दाबाने कडक राहतो. आधी आवाज कधी येतो ते ऐका. रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर काही सेकंद टक-टक होऊन थांबत असेल, तर लिफ्टरमधलं ऑइल खाली उतरलं होतं, एवढंच.

गरम इंजिनातही आवाज राहिला तर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइल कमी असणं वाईटच, पण जास्त भरलं तरी क्रँकशाफ्ट (इंजिनाच्या तळाशी फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करतो. फेसातली हवा दाबली जाते, लिफ्टर कडक राहत नाही आणि वाजतो. ऑइल जुनं असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका. मळाने अडकलेला लिफ्टर पुष्कळदा थोडं चालवल्यावर मोकळा होतो.

तरीही फरक नसेल तर मेकॅनिकल गेजने ऑइल प्रेशर मोजाच. ही पायरी लोक गाळतात! प्रेशर कमी असेल तर नवे लिफ्टरही वाजणार.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडणीची) गळतीही अशीच टिकटिकते, पण ती बहुधा गरम झाल्यावर कमी होते. प्रेशर ठीक असून एकाच जागी आवाज राहिला, तरच तो लिफ्टर बदला, आणि कॅमची लोब (लिफ्टरला ढकलणारा उंचवटा) घासली आहे का तेही तपासा.