उत्तर: कोरसमधली मुलगी खरंच एका रात्रीत स्टार होते का?

प्रश्न होता: "'फॉर्टी सेकंड स्ट्रीट' हा 1933चा सिनेमा पाहिला. मुख्य नटीचा पाय मोडतो आणि कोरसमधली नवखी मुलगी एका रात्रीत स्टार होते. असं प्रत्यक्षात होतं का? मी 19 वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी राहते, गाते. घरच्यांचं ऐकत न बसता मुंबई गाठावी का?"

माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगंच करते.

होतं. माझ्या बाबतीत झालंय. म्हणजे रात्र तीच, स्टार तेवढी झाले नाही.

1996चा डिसेंबर. सांगलीची आमची हौशी संगीत मंडळी, 'सौभद्र' या संगीत नाटकाचा प्रयोग रत्नागिरीला. मी कुसुमावती, सुभद्रेची सखी. 'वद जाऊ कुणाला शरण'मध्ये 'अग सखये' येतं ना, ती सखये म्हणजे मी. तिने गायचं, मी चेहरा करून ऐकायचं. दोन वर्षं ऐकलं.

सुभद्रा करणाऱ्या ताईंना गाडी लागायची. आंबा घाटात त्या पूर्ण वेळ खिडकी उघडी टाकून बसल्या. साखरप्याला चहाला उतरलो, त्या काहीतरी सांगायला गेल्या आणि नुसती हवा बाहेर आली. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. रत्नागिरीत पोचेपर्यंत सगळ्या गाडीने माझ्याकडे बघायला सुरुवात केली होती, कारण रिहर्सलला ताईंना उशीर झाला की त्यांची पदं मीच गुणगुणायचे.

ऑर्गनवाल्या काकांनी विचारलं, "पट्टी?" म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून गातेस.

"काळी पाच."

"ती ताईंची. तुझी सांग."

मला माहीतच नव्हती. दोन वर्षं दुसऱ्याच्या पट्टीत गात होते, वरचे सूर ओरडून काढत होते आणि त्यालाच तयारी समजत होते. मेकअपच्या खोलीत काकांनी पेटी उघडली आणि दहा मिनिटांत सांगितलं, काळी चार. बाहेर लायटिंगवाल्यांची आदळआपट चालली होती आणि आत मला पहिल्यांदा माझा स्वतःचा षड्ज, म्हणजे सा, सापडत होता. त्या दिवसातलं मला सगळ्यात लख्ख काही आठवत असेल तर हे. टाळ्या त्यानंतर.

ताई माझ्यापेक्षा बुटक्या. त्यांचा पोलका मला दंडात घट्ट, पाठीत आखूड. त्यांनी स्वतः टाचण्या लावल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून बसच्या तिकिटामागे लिहून दिलं: "पदातलं 'संकटाचे' झाल्यावर श्वास घे, आधी नको." कुसुमावतीला प्रॉम्प्टरची बहीण उभी केली, तिचे संवाद तळहातावर पेनाने लिहून. ते घामाने पुसले जात होते आणि मी तिला 'अग सखये' म्हणत होते. नारदाचं 'राधाधर मधुमिलिंद' सुरू झालं तेव्हा मला उलटी होईल असं वाटत होतं. सिनेमात दिग्दर्शक मार्श त्या पोरीला ऐकवतो की आता जातेस ती साधी पोर म्हणून, परत यायचंस स्टार होऊन. आमचे सर म्हणाले, "पदर सांभाळ, दिव्याला लागेल."

'वद जाऊ'ला वन्समोर मिळाला. एक. श्वास ताईंनी सांगितला तिथेच घेतला होता.

मग? मग काही नाही. पुढचा प्रयोग मिरजेला होता, ताईंचा घसा उघडला होता, मी पुन्हा सखये.

यावरून माझ्या मामाचं आणि माझं जे वाजलंय ते अजून वाजतंच आहे. मामा इंग्रजी सिनेमांचा शौकीन. ही डीव्हीडीसुद्धा त्यानेच मला आणून दिली, "बघ, संधी साधणारी मुलगी कशी असते" म्हणून. प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीला बसल्या बसल्या, नव्या पाहुण्यांना सांगतो, "आमच्या हिला वन्समोर मिळाला होता, पण ही मागे सरली. तेव्हाच पुण्या-मुंबईला गेली असती तर..." अरे, कुणी बोलावलं होतं? कंत्राट घेऊन कोण उभं होतं दारात? आणि खरं सांगू का, ताई माझ्यापेक्षा चांगल्या गायच्या. त्यांचीच पदं सगळ्या प्रेक्षकांसमोर गायल्यावर मला ते जेवढं समजलं, तेवढं विंगेतून दोन वर्षांत समजलं नव्हतं.

आता तुझा सिनेमा. त्यातली पेगी म्हणजे रूबी कीलर. बाई भयंकर गोड, पण आवाज पातळ, आणि टॅप करताना अधूनमधून स्वतःच्याच पायांकडे बघते. स्टार झाली हे आपण मानायचं, कारण बाकीचे सगळे तसं म्हणतात. सिनेमाचा खरा मालक नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली, त्याने बसवलेले नाच बघ. प्रेमकथा म्हणून बघायचा असेल तर पेगी आणि तिच्या त्या गोऱ्यागोमट्या गायकाची सोड. डोरोथी ब्रॉक, म्हणजे पाय मोडलेली नटी, तिची बघ. पैसेवाल्या म्हाताऱ्याला झुलवत ठेवायचं, कारण नाटकाला पैसे त्याचे, आणि जुन्या जोडीदाराला चोरून भेटायचं. मंदीतली माणसं आहेत ती. मार्शसुद्धा शेअर बाजारात बुडालेला, आजारी, डॉक्टरांनी थांब सांगितलेला. आणि तीच डोरोथी कुबडी घेऊन पेगीला शुभेच्छा द्यायला येते, तेव्हा मी दर वेळी रडते. मला तिकीट आठवतं.

मामा ज्या 'एका रात्री'बद्दल बोलतो त्या रात्रीआधी मार्श तिला फक्त काही तास घोटवतो. पण सगळ्या मुलींबरोबर ती आधी कित्येक दिवस घाम गाळून नाचलेली असते, तालमीत चक्कर येऊन पडलेलीसुद्धा असते. ते मामाला दिसत नाही.

खऱ्या आयुष्यातही घडलंय. 1954 साली ब्रॉडवेवर कॅरल हेनी या नटीचा घोटा दुखावला, तिच्या जागी पुढे हॉलिवुडची स्टार झालेली शर्ली मॅक्लेन उभी राहिली, प्रेक्षकांत हॉलिवुडचा निर्माता हॅल वॉलिस होता. पुढे 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'च्या गोष्टीचंही नाटक झालं, 1980मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्यात तर पेगी पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनची, म्हणजे तुझ्यासारखीच बाहेरगावची. ते लंडनला चालू असताना वेल्समधल्या स्वान्सीची कॅथरीन झीटा-जोन्स दुसऱ्या नंबरची रिप्लेसमेंट होती, एक दिवस तिला उभं राहावं लागलं आणि मग ती भूमिका तिचीच झाली. पण ती लहानपणापासून नाटकात गात-नाचत आली होती. आणि पहिल्या नंबरच्या रिप्लेसमेंटचं नाव तुला माहीत आहे का? मलाही नाही.

मुंबईचं म्हणशील तर जा, पण आधी स्वतःची पट्टी काढून घे, आणि सहा महिन्यांचं भाडं कोण भरणार ते घरच्यांशी नीट बोल. 'ऐकत न बसता' वगैरे भाषा सिनेमात शोभते. रिप्लेसमेंटचं काम मिळालं तर कमीपणा मानू नकोस, दुसऱ्याची भूमिका पाठ असणं ही चांगली शाळा आहे. अर्थात माझा सगळा अनुभव एका हौशी मंडळीचा, व्यावसायिक नाटकात मी एक दिवसही काम केलेलं नाही, तेव्हा तिथल्या माणसांनाही विचार. आणि कदाचित मामा थोडा बरोबरही असेल. एकदा पुण्याला जाऊन ऑडिशन द्यायला काय हरकत होती, असं मलाही कधीकधी भांडी घासताना वाटतं.

पण त्याने सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. शेवटचं गाणं झालं की तो टीव्ही बंद करून जेवायला उठतो. त्यानंतर प्रेक्षक थिएटरमधून बाहेर पडत असतात, पेगीचं कौतुक करत, आणि मार्शला काय उगाच डोक्यावर घेतात म्हणत. मार्श तिथेच बाहेर अंधारात उभा राहून ते ऐकतो आणि लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसतो. पेगी त्यात कुठेच नाही. मामा, हे उत्तर तुलाही पाठवते आहे. एक दिवस जेवण थंड होऊ दे.