१९८५ च्या डॉन्झी १८ बोटीला आधी मोठं इंजिन बसवावं की ट्रान्सम दुरुस्त करावा?

आधी ट्रान्सम, इंजिनाचं नंतर बघा. ट्रान्सम म्हणजे बोटीचा मागचा तक्ता. या बोटीत तो बाहेरून फायबरग्लास दिसतो, पण आत प्लायवूड असतं, आणि ड्राइव्हचा, म्हणजे मागे बसवलेल्या पंखा फिरवणाऱ्या यंत्रणेचा, सगळा जोर त्याच्यावरच येतो. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते प्लायवूड कुजतं. फायबरच्या बोटी दुरुस्त करताना मी हे फार वेळा पाहिलंय. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघा: टणक आवाज आला तर ठीक, बसका आला तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडा. भुसा ओला आणि काळपट निघाला तर लाकूड गेलं असं समजा. त्याच वेळी ड्राइव्हचे रबरी बेलोज (पाणी आत येऊ न देणारी घड्यांची नळी) आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं रबरी चाक) बदला. बेलोज फाटला तर बेअरिंग जातंच, धक्क्याला उभी असलेली बोटही बुडू शकते.

ट्रान्सम कोरडा निघाला तर मोठ्या इंजिनाचा विचार जरूर करा, पण मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन ड्राइव्ह असेल तर ३०० अश्वशक्तीच्या आतच राहा. आणि गाडीचा डिस्ट्रिब्यूटर किंवा स्टार्टर कृपा करून लावू नका. त्यांच्यातून ठिणगी बाहेर पडू शकते, आणि इंजिनखान्यात पेट्रोलची वाफ साचते; स्फोटाला एक ठिणगी पुरते.